थोरलीची अंजिरं

थोरली झाडांसमोर पाणी प्यायची नाही. पाटी पाटी शेणखत डोक्यावरून वाहिलं, ऊन चढलं, घसा कोरडा पडला, तरी बांधावरच्या मडक्याकडे ती वळायची नाही. सरळ घरी यायची, उंबऱ्याच्या आत उभी राहायची आणि मग तांब्या तोंडाला लावायची. हे वर्षभर नसायचं. पावसाळ्यानंतर अंजिराच्या झाडांचं पाणी तोडलेलं असायचं, तेवढेच दिवस. मी नवी लग्न होऊन आले होते, मला वाटलं बाईला काही व्रत असेल. विचारलं तर म्हणाली, "त्यांना उपाशी ठिवायचं आन् त्यांच्या म्होरं आपण घटाघटा प्यायचं? लाज हाय का न्हाई काही?"

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला नाव होतं, पण ते लोणी काळभोरला माहेरी राहिलं. आमच्याकडे दीर, माझे मालक, शेजारपाजारचे, सगळे तिला थोरलीच म्हणत. मी तोंडावर आक्का म्हणायचे. ती मला धाकटे म्हणायची, आणि त्यात लाड नसायचा, हुकूम असायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात बायका आम्ही दोघीच.

हडपसर तेव्हा गावच होतं. कारखाने नुकते उभे राहत होते आणि दीर त्यातल्याच एकात लागले होते. आमचा मळा कालव्याच्या खालच्या अंगाला, पण कालव्यातून पाणी आणणारी चारी आमच्या बांधापर्यंत आलेली नव्हती. आमची विहीर कालव्याच्या पाझरावर भरायची. कालवा वाहता असला की विहीर भरलेली, एवढं साधं गणित. घराभोवती मेथी, कोथिंबीर, वालघेवडा, दोन वाफे शेवंतीचे, आणि मागे सासऱ्यांनी लावलेली अंजिराची बाग. भाजी मी बघायचे. बाग थोरलीची.

ज्यांनी अंजिराची बाग पाहिली नाही त्यांना ताण म्हणजे काय ते सांगायला हवं. पाऊस सरला की झाडाचं पाणी बंद करायचं. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या पाडायच्या, त्यांना ऊन द्यायचं. पानं पिवळी होऊन गळतात, बाग मेल्यासारखी दिसते. मग एक दिवस मुळ्या झाकायच्या, खत घालायचं आणि पाणी सोडायचं. झाड घाबरलेलं असतं. पाणी लागलं की पालवी आणि फळ बरोबरच काढतं. ते फळ फाल्गुन-चैत्रात पिकतं. ताण कमी पडला तर नुसता पाला येतो, जास्त झाला तर झाड जातं. त्यामधला दिवस कोणता, ते थोरली ठरवायची.

ठरवायची कसं, तर नखानं. सकाळी दव पडलेलं असताना बागेत शिरायची आणि फांदीची साल अंगठ्याच्या नखानं जराशी खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की पुढच्या झाडाकडे. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख ती वाढवायची. दीर चिडायचे, "काप की ते नख. भाकरीत माती येती."

"मग तुम्ही थापा," थोरली म्हणायची. विषय तिथं संपायचा.

झाडांना ती बोलायची फार. विहिरीकडचं एक झाड दरवर्षी सगळ्यांच्या मागून पालवायचं. त्याला ती नवरदेव म्हणायची. "उठा नवरदेव, वऱ्हाड जेवून गेलं." वाटेवरचं एक झाड दिसायला दांडगं, पण फळं हातावर ठेवल्यासारखी द्यायचं. ते पुणेकर. पहाटे भाजी खुडताना मला पलीकडून तिचा आवाज यायचा. कुणाची तरी खरडपट्टी चाललेली असायची. माणसांशी ती एवढी कधी बोलली नाही.

तिला मूल नव्हतं. लोक त्यावरून बोलायचे, ते ती ऐकून घ्यायची. बागेवरून कुणी बोललं तर ऐकून घ्यायची नाही. माझी दोन्ही मुलं तिनंच न्हाऊ घातली, पाय लांब करून, त्यांच्या रडण्याकडे लक्ष न देता. कौतुक म्हणून कधी केलं नाही. माझ्या थोरल्या मुलाकडे बघून एकदा म्हणाली, "नाक ह्याच्या बापावर गेलंय. आता त्याला कोण काय करणार."

मंडईतून बागवानचाचा यायचे. फळांचा धंदा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. त्यांच्या वडिलांनी आमच्या सासऱ्यांची अंजिरं विकली होती. एकदा दिवाळीच्या सुमाराला झाडं बघायला यायचे, आणि मग फाल्गुनात फळं न्यायला. सायकल बांधाला टेकवून, टोपी काढून घाम पुसत उभे राहायचे. फळाला हात लावला की थोरली ओरडायची, "दाबू नका चाचा, मोटारीचा भोंगा न्हाई त्यो!" चाचा हसायचे. म्हणायचे, "भाभी, तुमच्या बागेत यायचं म्हणजे सासुरवाडीला आल्यासारखं वाटतं. कुठं बसावं, कुठं बघावं, भीतीच वाटते."

अशी चांगली वर्षं गेली. त्यानंतरच्या वर्षाचं सांगायचं म्हणून एवढं लिहिलं.

त्या वर्षी पाऊस मधूनच पळाला. पाठची नक्षत्रं कोरडी गेली. त्याच सुमाराला शहराकडून एक माणूस दिरांना भेटायला येऊ लागला. त्याला वीटभट्टी टाकायची होती. पुण्यात घरं उठत होती, विटांना माती हवी होती, आणि आमची माती चांगली होती. दीर कारखान्यात जात होते, मालकही तिथं चिकटायच्या खटपटीत होते. बागेचं दोघांनाही ओझंच झालं होतं. दसऱ्याला दोघं जेवायला बसले होते. दीर म्हणाले, "हा एक बहार बघू. न्हाई आला तर बाग काढायची. मातीला गिऱ्हाईक हाय."

थोरली वाढत होती. भाकरी हातातच राहिली. "आन् आला तर?"

"आला तर परत नाव काढणार न्हाई."

"दोघं बी सांगा."

"सांगितलं की," मालक म्हणाले.

"धाकटे, ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणाले.

त्यानंतर थोरलीनं ताण वाढवला. नेहमी दिवाळीच्या आत पाणी सोडायची, ते सोडलं नाही. तिला नुसता बहार नको होता. फांदी मोडेल एवढा हवा होता, पुन्हा कुणी तोंड उघडू नये असा. मला म्हणाली, "झाड जितकं भेतंय तितकं धरतंय. ह्या साली भिऊ दे चांगलं." ती स्वतः किती भ्यायली होती ते मला तेव्हाच दिसत होतं. रोज दोनदा बागेत जायला लागली होती. नवरदेवाला हाक मारणं बंद झालं होतं.

दिवाळीच्या तोंडावर चाचा आले. एक फेरी मारली आणि टोपी काढलीच नाही. "भाभी, पाणी सोडा आता."

"आजून थोडं."

"पाऊस झाला नाही. खाली ओलच नाही मुळांना. दरसालचा अंदाज या साली नका लावू."

"तुम्ही फळं विका चाचा. झाडं माझी हायेत."

चाचा सायकलीकडे वळले. जाताना मला बांधावर म्हणाले, "तू सांग त्यांना." मी सांगितलं. म्हटलं, "आक्का, चाचा म्हणतात त्यात चूक काय हाय?"

"चाचाची बाग हाय का?"

"न्हाई."

"तुझी हाय का?"

"अर्धी हाय."

त्यावर ती खदखदून हसली. "मग तुझ्या अर्ध्याला घाल पाणी." तिला हसताना मी पाहिलं ते तेवढंच, शेवटचं.

भाऊबीज झाली आणि तिनं दिवस धरला. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी मुळ्या झाकल्या, खत ओढलं, आळी बांधली. सकाळी मालकांनी विहिरीवरचं इंजिन सुरू केलं. पाणी आलं, पहिल्या ओळीच्या निम्म्यापर्यंत गेलं, आणि मग पाइपातून चिखल यायला लागला. इंजिन नुसतं ओरडत राहिलं. थोरली पाटात वाकून उभी होती, पाणी पुढे ढकलायला खोरं घेऊन. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "बंद का केलं?" इंजिन चालूच होतं. पाणी बंद झालं होतं.

कालवा बंद केला होता. धरणात पाणी कमी, शहराला प्यायला राखायचं, म्हणून शेतीचं आवर्तन पुढे ढकललं. कधीपर्यंत ते कुणी सांगेना. वरच्या अंगाचे लोक म्हणाले, आम्हालाही कळवलं नाही. थोरली अनवाणी कालव्यावर गेली, मी तिच्या मागं. तळाला कुठंकुठं डबकी होती. त्यात म्हशी बसल्या होत्या.

मग आम्ही घागरी घेतल्या. विहिरीच्या तळाला रात्रभरात साचेल ते पहाटे वर काढायचं, आणि कालव्याच्या डबक्यातलं दिवसा वाहायचं. झाडाला घागरभर पाणी म्हणजे तव्यावर थेंब. आळ्यात पडलं की भुस्स आवाज यायचा आणि माती पुन्हा पांढरी. माझी मान आखडली. थोरलीच्या डोक्यावरची चुंबळ फाटली, तरी ती फेऱ्या घालत राहिली. मी दमून बसले की म्हणायची, "तू जा, पोरांकडं बघ." आणि मी उठले नाही तर, "बसलीस का? चल की."

एक दिवस डबक्यावर वस्तीतल्या बायका आल्या. त्यांच्या विहिरीही आटल्या होत्या. एकीनं थोरलीच्या घागरीकडे बघितलं आणि विचारलं, "प्यायला का?"

"झाडांला," थोरली म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

"आगं बाई! हिथं लेकरांच्या तोंडात घालायला थेंब न्हाई आन् ही लाकडांला पाजती." दुसरी हळूच म्हणाली, पण ऐकू येईल एवढ्यानं, "लेकरू असतं तर कळलं असतं."

थोरलीनं भरलेली घागर त्या बाईच्या कळशीत ओतली. सगळी. मग रिकामी घागर काखेला लावून घरी आली आणि पालथी घातली. त्यानंतर डबक्यावर गेली नाही. मला म्हणाली, "तिचं काय चुकलं?" त्या बाईचं चुकलं नव्हतं आणि थोरलीचंही चुकलं नव्हतं. पाणी नव्हतं.

कार्तिक संपला. थंडी पडली. एरवी त्या दिवसांत फांद्यांच्या टोकांना हिरवे कोंब दिसायचे आणि थोरली मला हाताला धरून दाखवायला न्यायची. आता सगळी बाग राखेच्या रंगाची. माझी मेथी केव्हाच जळून गेली होती, शेवंतीचे वाफे वाळले होते, पण त्याचं मला वाईट वाटायला वेळ नव्हता. मी थोरलीकडे बघत होते. ती रोज नख लावायची. टोकाच्या फांद्या आधी पिवळ्या निघाल्या, मग तपकिरी. ती खाली खाली येत गेली, बारीक फांदीवरून जाड फांदीवर. तिथंही तपकिरी निघाल्यावर तिनं नख लावणं सोडलं.

दीर म्हणाले, "खोड बघ. खोडात जीव असंल तर थांबू."

ती बागेत गेली. मी बांधावर होते. तिनं पहिल्याच झाडाच्या खोडावर हात ठेवला, अंगठा वळवला, आणि तसाच काढून घेतला. साल खरवडली नाही. दुसऱ्या झाडाकडे गेलीच नाही. थोडा वेळ मध्येच उभी राहिली आणि परत आली.

"बघितलं?" दिरांनी विचारलं.

"बघितलं. न्हाई काही. तोडा."

एवढं बोलून ती आत गेली आणि लुगडी पिशवीत भरली. म्हणाली, "मी लोणीला भावाकडं जाते. सगळं झाल्याव निरोप धाडा. मुळंसुद्धा ठिवू नका." दीर तिला सोडायला गेले. दसऱ्याला ठरलेलं तिनं पाळलं असं पुढे सगळे म्हणाले. मला ते तसं दिसलं नाही. खोडात बघायची तिच्यात ताकद उरली नव्हती, एवढंच मला दिसलं.

मार्गशीर्षात तोडणारे आले. मी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन बागेत गेले तेव्हा पहिली दोन झाडं आडवी झाली होती. अंजिराच्या झाडात चीक असतो, दुधासारखा पांढरा, अंगाला लागला तर कातडं जळतं. तिसऱ्या झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड पडली आणि चीक बाहेर आला. भळभळा नाही, पण आला. सालीवरून ओघळत खाली गेला. आधीच्या दोन बुंध्यांकडे बघितलं, तर तिथंही कडेनं पांढरं होतं. तोडणाऱ्यांतला एक जण हात झटकत म्हणाला, "वहिनी, तेल हाय का? बोटं पेटली."

मी मालकांना म्हणाले, "जिवंत हायेत ही."

ते बुंध्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "असतील. म्हणून काय पाणी येणार हाय व्हय?"

"थांबवा ना."

"भट्टीवाल्याला शब्द दिलाय. आन् वहिनी स्वतः म्हणल्या तोडा." मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "त्यांना सांगू नको. वाळलेलीच होती म्हणू. त्यांनाबी बरं पडंल."

मी तेल आणून दिलं. काही झाडं खरंच कोरडी निघाली. पण निम्म्याहून जास्त झाडांना चीक होता. नवरदेवालाही होता. संध्याकाळपर्यंत सगळी आडवी झाली, दुसऱ्या दिवशी मुळं निघाली, आणि लाकडं भट्टीच्या जळणाला गेली.

थोरली परत आली तेव्हा मागे मोकळं मैदान होतं. ती मागच्या दाराला गेली नाही. चुलीपाशी बसली आणि विचारलं, "कशी होती?"

"वाळून कोरडीठाक झाली होती," दीर म्हणाले. "एक घाव घातला की मोडत होती. बरं केलंस तोडायला सांगितलंस."

मालक म्हणाले, "व्हय. जीव न्हवताच."

दोघं तिच्या भल्यासाठी बोलले, हे मी आजही मानते. मेलेल्या झाडांचं दुःख ती लवकर विसरेल असं त्यांना वाटलं. थोरलीनं काय ऐकलं ते त्यांना कळलं नाही. तिनं ऐकलं की, तिच्या ताणानं सासऱ्यांची बाग खोडापर्यंत मेली. चाचा सांगत होते, धाकटी सांगत होती, हिनं ऐकलं नाही, आणि हिनं मारली.

ती जेवेनाशी झाली. ताटावर बसायची, घास मोडायची आणि माझ्या धाकट्याला भरवून उठायची. पाणीसुद्धा मागायची नाही. कामं सगळी करायची, पण मध्येच हात थांबायचा आणि पुटपुटायची, "मी मारली." चाचा मंडईतून मुद्दाम आले, बसले. त्यांनाही मालकांनी तेच सांगितलं होतं. म्हणाले, "भाभी, सोडा आता. मेलेल्या झाडाला कोण काय करणार?" चांगला माणूस. त्यांनीही त्याच जागी मारलं. थोरली म्हणाली, "चाचा, तुम्ही सांगितलं होतं." चाचा चहा अर्धा ठेवून उठले.

मग ती विहिरीवर जाऊन बसायला लागली. कठड्यावर, आत पाय सोडून. मालक म्हणाले, "बसू दे, विहीर कोरडी हाय." मला हसावं की रडावं कळेना. कोरड्या विहिरीला तळ असतो आणि तळाला दगड असतात.

त्या दुपारी मुलं झोपली होती, दोघं भाऊ कामावर. मी विहिरीवर गेले आणि तिच्या शेजारी बसले, बाहेरच्या बाजूला पाय ठेवून. म्हणाले, "आक्का, तुम्ही बाग मारली न्हाई."

"गप बस."

"चीक होता खोडाला. मी बघितला. तोडणाऱ्याची बोटं भाजली, मी तेल दिलं."

ती माझ्याकडे वळली. चेहरा नुसता हाडांचा झाला होता. "किती झाडांना?"

"निम्म्याहून जास्त."

"नवरदेवाला?"

"त्यालाबी."

तिनं अंगठ्याच्या नखाकडे बघितलं. मग म्हणाली, "मग मी न्हाई मारली."

"न्हाई."

"मी नख लावलं असतं तर कळलं असतं."

"व्हय."

"मी भ्याले गं."

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ते खरं होतं.

ती पुन्हा आत बघायला लागली. मला वाटलं, मी सांगून वाईट केलं, आता ही जाते. मी तिचं लुगडं मुठीत धरलं. तिला ते कळलं की नाही माहीत नाही. तिनं सावकाश विचारलं, "त्यांनी बघितला चीक? बघून तोडली?"

"बघून तोडली."

तिनं पाय बाहेर घेतले. माझा हात झटकला आणि म्हणाली, "सोड, फाटंल." घरात आली, तांब्या भरून घेतला आणि उभ्यानं रिकामा केला. मग दुसरा भरला. शिळी भाकरी होती, ती चटणीबरोबर सगळी खाल्ली. मी बघत होते तर म्हणाली, "बघतीस काय, कांदा दे."

संध्याकाळी दीर आले, पाय धुऊन बसले. थोरली समोर उभी राहिली. "चीक होता?"

दिरांनी माझ्याकडे बघितलं, मग मालकांकडे. "तुला बरं वाटावं म्हणून..."

"वाटलं का मला बरं? मी जेवले का? झोपले का? विहिरीत पाय सोडून बसले, ते बरं वाटलं म्हणून?"

"आता झालं ते झालं."

"व्हय. झालं."

त्या रात्री तिनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. सकाळी पिशवी घेऊन निघाली. दीर म्हणाले, "चार दिवसांत येईल परत." सोलापूर रस्त्यावर एसटीच्या थांब्यापर्यंत मी गेले, धाकटा कडेवर होता. भट्टीवाल्याची माणसं आमच्या मागच्या मैदानात खुणा करत होती. रस्त्यावरून ते दिसत होतं. तिनं तिकडे बघितलं नाही.

मी म्हणाले, "आक्का, मी काय करू हितं एकटी?"

"तुला पोरं हायेत. तू ऱ्हा."

"आन् तुम्ही?"

"भावाची भाजी हाय थोडी. पाणी हाय त्येंच्याकडं." एसटी आली. चढताना ती मागे वळली आणि म्हणाली, "तू आधी का न्हाई बोललीस, असं मी विचारणार न्हाई. बोललीस, बास झालं." कंडक्टर ओरडत होता. तिनं त्याला झापलं, "चढती की! गाडी काय तुझ्या बापाची हाय का?" आणि गेली.

ती परत आली नाही. दीर दोनदा आणायला गेले. दोन्ही वेळा तिनं त्यांना जेवू घातलं आणि पाठवून दिलं. भट्टीनं आमची माती कमरेइतकी खाली नेली. पुढच्या साली कालवा सुटला, विहीर भरली, आणि ते पाणी विटांच्या गाऱ्याला लागलं. दीर मग कारखान्याजवळ खोली घेऊन राहिले. आमचं एका चुलीचं घर तिथंच मोडलं. मी लोणीला अधूनमधून जायचे. थोरली भावाच्या वाफ्यात वाकलेली असायची, वांग्यांना काहीतरी बोलत. माझ्या मुलांची चौकशी करायची, मळ्याची करायची नाही. म्हातारी होऊन गेली, झोपेत. दीर तेव्हा होते, ते आले, चार पाहुण्यांमध्ये उभे राहिले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

मालक शेवटपर्यंत मला म्हणत राहिले, "तू तोंड उघडलं नसतंस तर घर राहिलं असतं." त्यांचं खरं आहे. घर राहिलं असतं. थोरली राहिली नसती.